जर्मनीतली तरुण मुलं एएफडीला मत का देतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत निवडणूक झाली की पुण्या-ठाण्याहून फोन येतात. विचारणाऱ्यांत मुलांना इथे शिकायला पाठवलेले आईवडील असतात, जर्मन भाषेच्या परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी असतात आणि नुसती उत्सुकता असलेले मित्रही असतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. मी इथे स्टुटगार्टच्या बाजूला राहते आणि मला इथल्या निवडणुकीत मताचा अधिकार नाही. मतांचे वयानुसार दिलेले आकडे मतदानाच्या दिवशीच्या एक्झिट पोलचे आहेत. एका वाहिनीपासून दुसरीपर्यंत त्यांत एखाद-दोन टक्क्यांचा फरक पडतो.

जर्मन तरुण खरंच अतिउजव्यांकडे वळलेत का?

काही वळलेत, पण बातमीच्या मथळ्यावरून वाटतं तसं चित्र नाही.

२३ फेब्रुवारी २०२५ च्या संसदीय निवडणुकीत ‘आल्टरनाटिव फ्यूर डॉइचलांड’ म्हणजे एएफडीला २०.८ टक्के मतं मिळाली आणि तो दुसऱ्या क्रमांकाचा पक्ष झाला. १८ ते २४ वयोगटातला त्याचा आकडा सुमारे २१ टक्के होता. म्हणजे तरुणांनी या पक्षाला मोठ्यांपेक्षा जास्त दिलं नाही, जवळपास तेवढंच दिलं. या वयात पहिला आला तो ‘लिंके’ हा डाव्यांचा पक्ष, २५ टक्क्यांच्या आसपास. निवडणुकीच्या दोन महिने आधी लिंके संसदेबाहेर फेकला जाईल असंच सगळे धरून चालले होते.

एएफडीला सर्वांत जास्त मतं दिली ती ३५ ते ४४ वयाच्या लोकांनी, सुमारे २६ टक्के. घरकर्ज, मुलं आणि नोकरी या तिन्हींच्या कात्रीत सापडलेलं हे वय. त्यांच्याबद्दल मात्र कोणी चर्चासत्र भरवत नाही. सत्तरीपुढच्यांमध्ये पक्षाला जेमतेम दहा टक्के मिळतात.

मग एवढी चर्चा तरुणांचीच का? कारण उडी मोठी आहे. २०२१ मध्ये याच वयोगटात एएफडी सात-आठ टक्क्यांवर होता. तेव्हा तरुणांचे लाडके पक्ष होते पर्यावरणवादी ग्रीन आणि उदारमतवादी एफडीपी. दोघांनाही वीस-वीस टक्क्यांच्या वर मतं होती. साडेतीन वर्षांत एफडीपी संसदेतूनच गेला आणि तरुणांत ग्रीन दहाच्या आसपास उरले. चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, देणारे दोन मोठे जुने पक्ष, मध्याच्या उजवीकडचा सीडीयू आणि डावीकडचा एसपीडी, यांना मिळून या वयाची एक चतुर्थांश मतं पडली. ‘तरुण उजवीकडे गेले’ हे म्हणूनच मला अर्धवट वाटतं. त्यांनी मधली जागा सोडली, आणि तिथून काही उजवीकडे गेले, काही डावीकडे. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं बरंच काही उलगडतं.

हा पक्ष आहे तरी काय?

२०१३ मध्ये स्थापना झाली तेव्हा गंमतीने त्याला प्राध्यापकांचा पक्ष म्हणत. हाम्बुर्गचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक बेर्न्ड लुके त्याचे नेते होते आणि मुद्दा होता ग्रीसला वाचवण्यासाठी जर्मन पैसा का द्यायचा, हा. त्या वर्षी ४.७ टक्के मिळाले आणि संसदेत यायला किमान पाच टक्के मतं लागतात या अटीमुळे पक्ष बाहेर राहिला. २०१५ मध्ये लुके यांनाच पक्षात हरवण्यात आलं. त्याच वर्षी सुमारे नऊ लाख निर्वासित जर्मनीत आले आणि पक्षाला आपला खरा विषय सापडला. २०१७ मध्ये १२.६ टक्के मिळवून तो संसदेत शिरला.

आज त्यात चिडलेले जुने सीडीयूवाले आहेत, युरोविरोधक आहेत, आणि ब्यॉर्न ह्योके यांच्यासारखे लोकही आहेत. ह्योके थुरिंगिया या पूर्वेकडच्या राज्यातले नेते आणि पेशाने इतिहासाचे शिक्षक. नाझींच्या एसए दलाची बंदी असलेली घोषणा भाषणात वापरल्याबद्दल २०२४ मध्ये न्यायालयाने त्यांना दंड केला. घोषणेचा उगम आपल्याला माहीत नव्हता असा त्यांचा बचाव होता. इतिहासाच्या शिक्षकाचा!

पक्षाच्या चान्सेलरपदाच्या उमेदवार होत्या अलिस वायडेल. त्या एका स्त्रीसोबत राहतात आणि ती जोडीदार मूळची श्रीलंकेची आहे. ‘मग हा पक्ष वंशवादी कसा?’ असं समर्थक लगेच विचारतात. याचं उत्तर पक्ष काय मागतो त्यात आहे. जानेवारी २०२५ मध्ये रीझा शहरात झालेल्या पक्षाच्या अधिवेशनात ‘रीमिग्रेशन’, म्हणजे परदेशी मुळाच्या लोकांना मोठ्या संख्येने परत पाठवणं, हा शब्द जाहीरनाम्यात आला. त्यात नेमकं कोण येतं याबद्दल पक्षाचे वेगवेगळे नेते वेगवेगळं बोलतात.

शाळेत यांना हिटलर शिकवत नाहीत का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. शिकवतात, आणि आपण कल्पना करू शकणार नाही इतकं शिकवतात. इतिहासाच्या तासाला, जर्मनच्या तासाला, नागरिकशास्त्रात. वर्गाची सहल छळछावणीच्या स्मारकाला जाते. बुखेनवाल्डची छावणी थुरिंगियातच आहे, वायमार शहराच्या डोक्यावरच्या टेकडीवर. आणि १ सप्टेंबर २०२४ ला त्याच थुरिंगियात एएफडी ३२.८ टक्के मिळवून पहिला आला. १८ ते २४ वयात तर सुमारे ३८ टक्के. इतिहास वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट बोचते. जर्मनीतल्या एखाद्या राज्याच्या सरकारात नाझी मंत्री पहिल्यांदा बसला तो १९३० मध्ये, थुरिंगियातच.

तर माहिती नसणं हे कारण नाही. मला वाटतं, दोन गोष्टी होतात. एक, शाळेने शिकवलेला नाझी हा चित्रपटातला नाझी असतो: गणवेश, बूट, आरोळ्या. समोर सूट घातलेली, गोल्डमन सॅक्समध्ये काम केलेली वायडेल यांच्यासारखी अर्थतज्ज्ञ बाई वीजबिलाबद्दल बोलते, तेव्हा ते चित्र जुळत नाही. दुसरी गोष्ट वयाची. २०२५ मध्ये पहिल्यांदा मत देणारी मुलगी पक्ष संसदेत आला तेव्हा दहा-अकरा वर्षांची होती. तिच्या राजकीय आठवणीत एएफडी कायमच आहे, जसे सीडीयू आणि एसपीडी आहेत. तिच्या आजोबांना त्या पक्षापुढे फुली मारताना काहीतरी ओलांडल्यासारखं वाटेल. तिला ते वाटत नाही, कारण तिच्यासाठी तिथे रेषाच नव्हती.

यात भर पडते ती नैतिक दटावणीची. ‘आपण जर्मन आहोत, आपल्याला हे करता येणार नाही’ हे वाक्य पंधराव्या वर्षापासून ऐकलेल्या मुलाला कधी ना कधी ते मोडावंसं वाटतं. पक्षाला हे नीट कळतं. अलेक्झांडर गाउलांड या ज्येष्ठ नेत्याने २०१८ मध्ये नाझी काळाला हजार वर्षांच्या यशस्वी इतिहासातली पक्ष्याची विष्ठा म्हटलं होतं. देशभर संताप उसळला, आणि काहींना मोकळंही वाटलं.

मग हे सगळं टिकटॉकचं काम आहे का?

भारतात टिकटॉकवर २०२० पासून बंदी आहे, म्हणून आधी एवढंच: तुमच्याकडे रील्सनी जी जागा घेतली, ती इथे शाळकरी मुलांत अजून बऱ्याच अंशी टिकटॉककडे आहे.

एएफडीने ते मैदान सगळ्यांच्या आधी पकडलं यात शंका नाही. युरोपीय निवडणुकीतले त्यांचे प्रमुख उमेदवार माक्सिमिलियान क्राह यांची २०२३ मधली एक छोटी चित्रफीत खूप गाजली. कॅमेऱ्यात बघून ते तरुणांना सांगतात की तीनातल्या एका मुलाला अजून मैत्रीण मिळालेली नाही. पॉर्न बघू नका, ग्रीनना मत देऊ नका, मोकळ्या हवेत जा, खरे पुरुष उजवे असतात, मग मैत्रीणही मिळेल. हसू येतं. पण त्यात कर, पेन्शन, युरोप यांतलं काहीही नाही, हे बघा. सतरा वर्षांच्या मुलाला रात्री अकरा वाजता जे खरोखर छळतं त्याबद्दल एक खासदार बोलला. बाकीचे पक्ष तोवर पत्रकार परिषदेचे तुकडे कापून टाकत होते. तेव्हाचे चान्सेलर ओलाफ शोल्त्स तर एप्रिल २०२४ मध्ये टिकटॉकवर आले, आणि ‘मी नाचणार नाही’ हे आश्वासन देऊन आपली जुनी चामडी बॅग दाखवू लागले.

एवढ्यावरून ‘टिकटॉकने मुलं बिघडवली’ म्हणणाऱ्यांसाठी पुढचा भाग. जानेवारी २०२५ च्या अखेरीस सीडीयूच्या फ्रीडरिश मेर्त्स यांनी स्थलांतराविरुद्धचा ठराव एएफडीच्या मतांच्या मदतीने संसदेत मंजूर करून घेतला. कडव्या उजव्यांशी हातमिळवणी करायची नाही हा इतर पक्षांचा अलिखित नियम होता. लिंकेच्या तरुण खासदार हायडी रायखिनेक यांनी त्यावर तावातावाने भाषण केलं, आणि त्या भाषणाचे तुकडे काही दिवसांत लाखो मोबाईलवर पोचले. महिन्याभरात त्यांचा पक्ष तरुणांत पहिला आला. माध्यम तेच, मुलं तीच, निकाल उलटा.

म्हणून माझ्या मते टिकटॉक हा देवळावरचा भोंगा आहे. आवाज कुठवर जाईल ते तो ठरवतो. ऐकणारा आधीच अस्वस्थ का बसला होता हे त्याला विचारून कळणार नाही.

ही मुलं गरीब किंवा बेरोजगार आहेत का?

सहसा नाहीत. जर्मनीतली तरुणांची बेरोजगारी युरोपात सर्वांत कमी असलेल्या देशांत मोडते. स्पेनमधल्या मुलांना हेवा वाटावा अशी स्थिती. शिक्षणाचा फरक मात्र ठळक आहे: विद्यापीठाच्या वाटेवरच्या मुलांत एएफडी कमी, कामाचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांत जास्त.

अडचण आजच्या पगारापेक्षा उद्याची आहे. प्रशिक्षण घेणाऱ्या मुलाला महिन्याला सरासरी हजार-अकराशे युरो मिळतात, तेही कर आणि विमा कापण्याआधी. म्युनिक किंवा बर्लिनमध्ये त्यात एक खोली मिळवणं कठीण. माझ्या ओळखीचा एक मुलगा इलेक्ट्रिशियनचं काम शिकतो. त्याने एकदा सहज सांगितलं की त्याच्या बाबांनी पंचविसाव्या वर्षी घर बांधायला घेतलं होतं आणि त्याला त्या गावात भाड्याने खोलीसुद्धा परवडत नाही. रागाने नाही, हवामानाबद्दल बोलावं तसं. तो कोणाला मत देतो ते मी विचारलं नाही.

या पिढीच्या पाठीमागे काय काय आहे ते बघा. शाळा महामारीत बंद होत्या, आणि जर्मन शाळांचं ऑनलाइन शिक्षण हा स्वतंत्र विनोदाचा विषय आहे. लगेच युक्रेनचं युद्ध आणि २०२२ मध्ये जवळपास सात टक्के महागाई. आता लष्करी सेवेचा विषय: सक्तीची भरती २०११ मध्ये थांबवली होती, पण डिसेंबर २०२५ च्या नव्या कायद्याने १८ वर्षांच्या मुलग्यांना सैन्याची प्रश्नावली भरणं बंधनकारक केलं. सेवा अजून ऐच्छिक आहे, पण दार किलकिलं झालंच.

आणि हे ठरवतं कोण? जर्मनीच्या मतदारांत साठीच्या वरचे सुमारे ४२ टक्के आहेत, तिशीच्या खालचे जेमतेम १३ टक्के. कुठल्याही शहाण्या पक्षाला हिशेब कळतो. पेन्शनवर संसदेत आठवडेच्या आठवडे खल होतो आणि खोल्यांच्या भाड्यावर समिती नेमली जाते. आपल्या मताने काही हलत नाही असं वाटणारा तरुण मग निदान धक्का बसेल असं मत देतो. एएफडीकडे घरांसाठी काही ठोस उपाय आहे का? मला तरी दिसत नाही. पण दोष कोणावर टाकायचा याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं.

निर्वासितांचा राग एवढा का? यांना त्यांचा त्रास होतो का?

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, अशी ही भावना आहे. घरं अपुरी, बालवाडीत जागा नाही, डॉक्टरची वेळ मिळत नाही, आणि त्यात २०१५ नंतरचे सीरिया-अफगाणिस्तानचे लोक, २०२२ नंतर दहा लाखांहून अधिक युक्रेनी. तक्रार पूर्ण खोटी नाही. शाळांवर ताण आहेच, आणि ज्या गावांना लोक सांभाळायला सांगितले त्यांना पैसे पुरेसे मिळाले नाहीत, असं महापौर सर्व पक्षांचे बोलतात.

त्यावर लागोपाठ हल्ले झाले. मे २०२४ मध्ये मानहाइममध्ये एका पोलिसाचा जीव गेला, ऑगस्टमध्ये झोलिंगनच्या उत्सवात तीन जण मारले गेले, जानेवारी २०२५ मध्ये आशाफेनबुर्गच्या बागेत एक दोन वर्षांचं मूल आणि त्याला वाचवायला धावलेला माणूस. हल्लेखोर आश्रय मागायला आलेले होते. प्रत्येक घटनेनंतर इतर पक्षांची गडबड उडायची आणि शेवटी एएफडीचीच मागणी जरा सौम्य शब्दांत मांडायची, असा क्रम झाला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून लोक विटेकडे वळतील ही त्यांची आशा. पण ज्याला दगडच हवाय तो वीट कशाला घेईल?

विचित्र भाग असा की परदेशी मुळाचे लोक सर्वांत कमी आहेत अशा पूर्वेकडच्या जिल्ह्यांत पक्ष सर्वांत बळकट आहे. फ्रांकफुर्ट-ऑफेनबाखच्या शाळेत अर्ध्या वर्गाचे आईवडील बाहेरचे असतात, तिथे हा विषय रोजच्या ओळखीत विरघळतो. आणि सगळे मतदार गोरे जर्मनच असतात असंही नाही. रशियातून आलेल्या जर्मन कुटुंबांत पक्षाला जुना पाठिंबा आहे, आणि तुर्की मुळाच्या तरुणांकडूनही ‘आम्ही रीतसर आलो, हे तसेच घुसले’ हे वाक्य ऐकू येतं. आपल्याकडचे काही आयटीवालेही हे म्हणतात. आपण कुठल्या रांगेत धरले जाऊ याचा विचार त्यांनी केलेला नसतो.

पूर्व जर्मनीत हे जास्त का?

बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडली, मग आजच्या वीस वर्षांच्या मुलाशी तिचा काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. संबंध घरातून येतो.

१९९० च्या एकीकरणानंतर पूर्वेतले सरकारी कारखाने ‘ट्रॉयहांड’ नावाच्या संस्थेच्या ताब्यात गेले. तिने ते विकले किंवा बंद केले. या कारखान्यांत सुरुवातीला सुमारे ४० लाख लोक कामाला होते. १९९४ च्या अखेरीस त्यातल्या बहुतेक नोकऱ्या उरल्या नव्हत्या. विकत घेणारे पश्चिमेचे, नवे न्यायाधीश पश्चिमेचे, विद्यापीठांचे नवे प्रमुख पश्चिमेचे. गिरणगाव ज्याने पाहिलं त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की तिथे एका शहराचा नव्हे तर एका देशाचा संप झाल्यासारखं झालं, आणि संप कोणी पुकारलाच नव्हता.

लाखो लोक पश्चिमेला गेले, त्यांत तरुण मुली जास्त. मागे राहिली उतारवयाची गावं, आणि त्यांत मुलगे जास्त. बस दिवसाला दोन, शाळा विलीन झालेली, युवाकेंद्राला कुलूप. अशा ठिकाणी शनिवारी संध्याकाळी मुष्टियुद्धाचा सराव, डोंगरवाट आणि गप्पांचा अड्डा कोणी भरवत असेल, तर तो कोणत्या विचाराचा आहे हे मुलगा पहिल्या दिवशी विचारत नाही. सॅक्सनीत असे गट जुने आहेत. तिथल्या एका पिढीने नव्वदच्या दशकातली रस्त्यावरची मारहाण पाहिली आहे. १९९१ ला होयर्सवेर्डात आणि १९९२ ला रोस्टॉकमध्ये परदेशी कामगारांच्या वस्त्यांवर जमाव चालून गेला होता. त्या जमावातले वीस वर्षांचे आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांना मुलं आहेत.

हेच आता नव्या रूपात पुन्हा दिसू लागलं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बाउत्सनमध्ये समलिंगींच्या मिरवणुकीविरुद्ध शेकडो निओनाझी उतरले आणि त्यांतले बरेच कोवळे होते. त्याच वर्षी मे महिन्यात ड्रेस्डेनमध्ये एसपीडीचे खासदार माथियास एके पोस्टर लावत असताना त्यांना मारहाण झाली, संशयित १७-१८ वर्षांचे.

एवढं वाचून पूर्वेतला प्रत्येक तरुण असाच असं समजू नका. लायप्झिगमध्ये आठवडाभर राहिलात तर उलटंच वाटेल.

मुलगे आणि मुलींत एवढा फरक का?

१८ ते २४ वयात चार मुलग्यांमागे एकाने एएफडीला मत दिलं. मुलींत सातांत एक. मुलींपैकी तीनात एकीने लिंकेला दिलं. एकाच वर्गात बसणारी, एकाच बसने जाणारी मुलं आहेत ही.

गर्भपात, समान पगार, घरातली कामं हे विषय मुलींसाठी आयुष्याचे आहेत, आणि एएफडीचा कुटुंबाचा आदर्श त्यांना आजीच्या काळात नेणारा वाटतो. मुलग्यांचं कोडं जास्त गुंतागुंतीचं आहे. शाळेत मुली पुढे आहेत. पुरुष म्हणून नेमकं काय व्हायचं हे पूर्वी कारखाना, सैन्य आणि फुटबॉलचा क्लब सांगत असे. आता फक्त काय होऊ नये हे सांगितलं जातं, आणि ते बरोबर असलं तरी त्यावर आयुष्य उभं राहत नाही. क्राह यांच्या त्या फितीने नेमकी हीच पोकळी हेरली. हा मला या सगळ्या प्रश्नातला सर्वांत कमी चर्चिलेला भाग वाटतो. पुरोगामी पक्षांकडे अठरा वर्षांच्या मुलग्याला सांगण्यासारखं एकही आनंदाचं वाक्य नाही.

इतर देशांतही असंच आहे का?

सरसकट नाही. फ्रान्समध्ये १९९५ मध्ये जन्मलेले जॉर्डन बार्देला ‘राष्ट्रीय रॅली’ या कडव्या उजव्या पक्षाचा चेहरा आहेत. २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत त्यांच्या यादीला ३१ टक्क्यांहून जास्त मतं होती आणि तरुणांचा त्यात मोठा वाटा होता. पोलंडमध्ये मे २०२५ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या पहिल्या फेरीत तिशीखालच्यांत कडवे उजवे स्वावोमिर मेन्त्सेन पहिले आले आणि डाव्यांचे आद्रियान झांडबेर्ग दुसरे. मधली जागा रिकामी, तेच चित्र. ब्रिटनमध्ये मात्र नायजेल फराज यांच्या पक्षाची ताकद वयस्कांत आहे.

मतदानाचं वय १६ केल्यामुळे हे झालं का?

नाही. जून २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत जर्मनीत पहिल्यांदा १६ वर्षांच्या मुलांनी मत दिलं. १६ ते २४ वयात एएफडीला १६ टक्के पडले, एकूण मतांतही १५.९ टक्केच होते. पाच वर्षांपूर्वी तरुणांत ग्रीनना मिळालेले ३४ टक्के ११ वर आले, ही त्या रात्रीची मोठी बातमी होती. शिवाय अनेक मुलांनी ‘वोल्ट’सारख्या छोट्या पक्षांना मत दिलं. वय वाढवून राग कमी होणार नाही, दोन वर्षं उशिरा मोजला जाईल इतकंच.

ही मतं टिकतील का?

कोणाला ठाऊक. २०१९ ला याच वयाची मुलं दर शुक्रवारी हवामानासाठी शाळा बुडवत होती आणि सगळे ‘ग्रीन पिढी’बद्दल लिहीत होते. २०२१ ला एफडीपीचं कौतुक झालं. नव्याचे नऊ दिवस संपायला सरकारची अडीच-तीन वर्षं पुरली. तरुणांची पक्षनिष्ठा पातळ असते, आणि आधीच्यांना सोडलं तसं ते एएफडीलाही सोडू शकतात. एक फरक मात्र चिंतेचा आहे: त्या दोन्ही पक्षांनी सरकारात जाऊन निराश केलं. एएफडी केंद्रात कधी सत्तेत आलेला नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल भ्रमनिरास व्हायला अजून काही घडलेलंच नाही.

पक्ष मात्र तयारीत आहे. ‘युंगं आल्टरनाटिव’ ही त्याची युवा संघटना फारच कडवी म्हणून गाजली होती. ती मार्च २०२५ च्या अखेरीस विसर्जित झाली आणि नोव्हेंबरमध्ये गीसन शहरात ‘गेनेरात्सिओन डॉइचलांड’ या नावाने नवी उभी राहिली, बाहेर हजारो निदर्शक असताना. जुनी बऱ्यापैकी स्वतंत्र होती, नवी पक्षाच्या मुठीत आहे. लोक बरेचसे तेच.

मग बंदी का घालत नाहीत?

घटनेत तरतूद आहे, निर्णय फक्त कार्ल्सरूहेचं घटना न्यायालय देऊ शकतं. १९५२ मध्ये एका नाझीवारस पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्टांवर बंदी आली होती. २०१७ मध्ये एनपीडी या कडव्या उजव्या पक्षावरची बंदी न्यायालयाने नाकारली. पक्ष घटनाविरोधी आहे पण धोका व्हावा इतका मोठा नाही, असं म्हणून. आता प्रश्न उलट झालाय. मे २०२५ मध्ये घटनारक्षण कार्यालयाने, म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्याने, अख्ख्या एएफडीला ‘निश्चित अतिउजवा’ ठरवलं, पक्ष न्यायालयात गेला आणि काही दिवसांत कार्यालयाने तो शिक्का तात्पुरता बाजूला ठेवला. दर पाचातल्या एका मतदाराच्या पक्षावर बंदी घालावी का यावर माझे जर्मन सहकारी जेवणाच्या टेबलावर भांडतात. मला दोन्ही बाजू पटतात, आणि ते बरं लक्षण नाही.

आमच्या मुलांनी शिकायला किंवा कामाला यावं का?

यावं, डोळे उघडे ठेवून. जर्मनीत परदेशी विद्यार्थ्यांत आता भारतीय सर्वांत जास्त आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, सुरुवातीला दहा हजार कुशल तरुणांना नर्सिंग, वीजकाम, वाहनचालक अशा कामांसाठी पाठवण्याचा. इथल्या रुग्णालयांना माणसं हवीच आहेत, एएफडीच्या मतदाराच्या आजीलाही.

शहर निवडताना नकाशापेक्षा माणसांना विचारा. ड्रेस्डेन, केमनित्स, माग्डेबुर्गची विद्यापीठं चांगली आणि राहणं स्वस्त आहे, आणि तिथे शिकणारी आपली बहुसंख्य मुलं नीट राहतात. पण त्यांना विचारलंत तर रात्रीच्या शेवटच्या ट्रामबद्दल किंवा फुटबॉल सामन्याच्या दिवशीच्या स्टेशनबद्दल ती काही सांगतील, ते ऐका. बी१ पातळीची भाषा हातात घेऊन या, कारण शिवी समजणं आणि पोलिसांत तक्रार देता येणं या दोन्हींसाठी ती लागते. तक्रार द्याच, लाजू नका. बहुतेक विद्यापीठांत भेदभावाच्या तक्रारींसाठी सल्ला केंद्र असतं, पहिल्याच आठवड्यात त्याचा पत्ता शोधून ठेवा.

आणि प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांसाठी एक: तुमच्या शेजारच्या बाकावर कदाचित तो इलेक्ट्रिशियन मुलगा बसेल. राजकारणावर पहिल्याच दिवशी वाद घालू नका, आणि टाळूही नका. दुपारच्या सुट्टीत तो आपणहून विचारेल की तुझ्या खोलीचं भाडं किती.